बारा मीटर आधीचा आनंद

सुहास : हे बघा सोयराबाई, परवानगी तुमच्या नावावर आणि पदक हिच्या गळ्यात. मी काय करायचं, तुम्हीच सांगा.

सोयराबाई : तुम्ही बाजूला व्हायचं अण्णा, आणि मिरवणूक जाऊ द्यायची. गाडी सजली, देवाप्पा वाजवायला तमटं घेऊन आला, अकरा माणसं उन्हात उभी आहेत. अजून काय पाहिजे?

सुहास : विजेती.

सोयराबाई : ती पण आहे की. ही काय, तुमची बायको.

सुहास : तेच तर! हेमलताने विजयोत्सवाचा अर्जच केलेला नाही.

हेमलता : अहो, मला काय माहीत मी जिंकणार आहे!

सुहास : मग तसं लिहायचं अर्जात. 'जिंकण्याची शक्यता : कमी.' रकाना आहे तो. एकवीस दिवस आधी अर्ज द्यायचा, हे आपल्या गल्लीतल्या लहान पोरालाही पाठ आहे.

सोयराबाई : अय्यो, शर्यत आज सकाळी झाली, आणि अर्ज तीन आठवड्यांपूर्वी?

सुहास : तुम्ही दिलात की नाही?

सोयराबाई : मी दिला, कारण मी जिंकणारच होते.

सुहास : याला म्हणतात नियोजन! आपल्या रहिवासी संघात सव्वाशे घरं आहेत. विजयाचं इतकं सुंदर नियोजन आजवर कुणी केलं नव्हतं. कमिटीने एकमताने मंजूर केलं तुमचं. फक्त...

सोयराबाई : फक्त काय? बोला, बोला. सकाळपासून सगळे 'फक्त'वर येऊन गप्प होतायत.

सुहास : फक्त तुम्ही बाद झालात.

हेमलता : अहो, जरा हळू. यांचे पैलवान, खंडोजी, खिडकीत बसलेत. ऐकू जाईल.

सोयराबाई : तीन घरं सोडून आहे खिडकी, नाही ऐकू जायचं. आणि अण्णा, बाद झाले म्हणजे हरले नाही, हे लिहून ठेवा. साठीपुढच्या बायकांची जलद चालण्याची शर्यत, तीन किलोमीटर. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पुढं होते. खोटं आहे का अक्का?

हेमलता : अजिबात नाही. मला अख्खी शर्यतभर यांची पाठ दिसत होती.

सुहास : आणि दोन लाल कार्डं कसली होती?

सोयराबाई : ती गुडघ्याची. पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे म्हणे. अडुसष्टाव्या वर्षी गुडघा सांगून सरळ होतो होय! ते जाऊ द्या. तिसऱ्याचं सांगते, ज्याने बाद झाले. शेवटची रेघ समोर दिसली. बारा मीटर राहिले असतील. मागं कोणी नाही. मला एकदम डोळ्यांसमोर पैलवान दिसले, खिडकीत फेटा बांधून बसलेले. आणि मी...

हेमलता : उडी मारली.

सोयराबाई : स्वल्प.

सुहास : हे 'स्वल्प' तुम्ही अर्जातही लिहिलं होतं. 'विजयानंतर रडू येईल का? किती वेळ?' तर म्हणे, 'स्वल्प.' आमच्या कमिटीने अर्धा तास घालवला, स्वल्प म्हणजे किती मिनिटं धरायची यावर.

सोयराबाई : तुम्ही पस्तीस वर्षं बेंगळुरात राहून तुम्हाला स्वल्प कळत नसेल तर मी काय करू?

सुहास : मुद्दा उडीचा आहे. चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. दोन्ही पाय सुटले की ते चालणं राहत नाही. तुमचे दोन्ही सुटले.

सोयराबाई : होय, सुटले! आनंदाने सुटले! ती पंच, पवित्रा नावाची पोरगी, माझ्या नातीच्या वयाची. तिने इकडं लाल कार्ड वर केलं. मला वाटलं टाळ्या वाजवतेय. मी तिला हात हलवला.

हेमलता : आणि रेघ ओलांडल्या ओलांडल्या घरी फोन केला.

सोयराबाई : केला. 'पैलवान, जिंकले' म्हटलं. ते म्हणाले, 'सरी, ठीक आहे, मी फेटा बांधतो.' आणि फोन ठेवला. तोवर पोरगी कार्ड घेऊन माझ्यापर्यंत आली.

सुहास : थोडक्यात, तुमचा विजयोत्सव बारा मीटर लवकर झाला. विनापरवानगी, अनधिकृत जागी.

हेमलता : अहो!

सुहास : मी वस्तुस्थिती सांगतोय.

हेमलता : वस्तुस्थिती मीही सांगू का? सकाळी साडेसातला मी शर्यत जिंकले. आता अकरा वाजतायत. मला अजून कुणी अभिनंदन म्हटलेलं नाही. कुणी म्हणजे तुम्ही.

सुहास : कसं म्हणणार? मी उत्सव नियंत्रण समितीचा सचिव, तू माझी बायको. मी हसलो तरी उद्या लोक म्हणतील, घरातल्या घरात वशिला लावला.

हेमलता : मला तर शर्यतीत यायचंही नव्हतं. या म्हणाल्या, वयोगटात तीन नावं नसली तर शर्यतच रद्द होईल, तुम्ही फक्त नाव द्या. तिसऱ्या त्या शिवलीलाबाई, त्यांची चप्पल दुसऱ्या फेरीतच तुटली. मग यांच्या मागे मी एकटीच उरले. मी आपली रोज गांधी बाजारात भाजीला जाते तशी गेले. शेवटी इडली आहे असं ऐकलं होतं.

सोयराबाई : आणि पदक मिळालं. नशीब बघा! मी दोन वर्षं पहाटे उठून चालतेय.

हेमलता : मी दिलं की तुम्हाला काढून. मैदानावरच दिलं. तुम्हीच घेतलं नाहीत.

सोयराबाई : घेते आता. अण्णा, ऐका माझं. मी पदक घालून गाडीवर बसते. अक्का खाली चालू देत. खिडकीखालून गेलो की कोपऱ्यावर मी उतरते, पदक परत, सगळं परत. दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

सुहास : हे खोटं आहे.

सोयराबाई : आहे.

सुहास : नियम चौदा : 'उत्सवमूर्ती ही प्रत्यक्ष विजेती असावी.'

सोयराबाई : मग अक्काला बसवा.

सुहास : नियम पंधरा : 'परवानगी दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही.'

सोयराबाई : मग रद्द करा! साकू, पुरे झालं. मी घरी जाते आणि सांगते त्यांना, फेटा सोडा म्हणून.

सुहास : रद्द करायचं असेल तर सात दिवस आधी कळवायचं. नाही कळवलं तर एक वर्ष संघातल्या कुणालाच कसलाही उत्सव नाही. गणपती धरून.

हेमलता : गणपती धरून? हे कुणी लिहिलं?

सुहास : मीच लिहिलं. लिहिताना हे लक्षात आलं नाही.

सोयराबाई : म्हणजे मी बसायचं नाही, अक्काने बसायचं नाही, आणि मिरवणूक तर निघालीच पाहिजे.

सुहास : बरोबर समजलात.

सोयराबाई : मग गाडीवर कोण बसणार?

सुहास : कुणी नाही. रिकामी जाईल. मी सकाळपासून सगळे नियम लावून पाहिले, एवढा एकच मार्ग बसतो. गाडी पुढे, अकरा लोक मागे, मंजूर घोषणा तीस सेकंदांना एकदा. वळसा घालून परत.

सोयराबाई : रिकाम्या हातगाडीचा जयजयकार?

सुहास : जयजयकार नाही. मंजूर घोषणा वेगळी आहे. 'सोयराबाईंचे हार्दिक अभिनंदन, कृपया डावीकडून चाला.'

हेमलता : आणि तुमच्या त्या राखीव माणसाचं काय?

सुहास : अकराजणांपैकी कुणाचा आनंद मध्येच ओसरला तर बारावा आत येतो. गेटवर बसलाय तो, पेपर वाचत. त्याला आत्तापासून आनंदी राहायची सक्ती नाही.

सोयराबाई : अक्का, तुम्ही या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढलीत?

हेमलता : बेचाळीस.

सोयराबाई : पदक तुम्हालाच शोभतं.

सुहास : हसा. पण ऐका, मी पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानाचे नट तपासले. नट म्हणजे बोल्टवरचा, नाटकातला नव्हे. एक सैल राहिला तर काय होतं ते मला ठाऊक आहे. गाडीची उंची नव्वद सेंटिमीटर का? कारण त्यावरून पडलं तर हाड मोडत नाही. फुलं उधळायची नाहीत, हातात द्यायची, का? पाकळीवरून पाय घसरतो. तमट्यावर टॉवेल का? कारण आवाज वाढला की माणसं धावत येतात, आणि माणसं धावत आली की...

सोयराबाई : की काय?

सुहास : काही नाही. नियम सहा वाचा.

हेमलता : ते नाही सांगायचे. मी सांगते. शहरात मागे तो मोठा विजय झाला ना, सगळे रस्त्यावर आले होते. आम्हीही गेलो होतो. यांचीच हौस. क्रिकेटमधलं मला काही कळत नाही. गर्दी एकदम मागून आली आणि माझा हात सुटला यांच्या हातातून. पंचेचाळीस मिनिटं मी सापडत नव्हते. मी आपली एका बेकरीच्या ओट्यावर चढून बसले होते, सुखरूप. पण यांना ते पंचेचाळीस मिनिटं ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. वही घेतली आणि नियम लिहायला बसले. पहिला नियम दोरीचा.

सोयराबाई : तरीच ती दोरी. सगळ्या मिरवणुकीभोवती गुंडाळायची, आणि टोक यांच्या मुठीत.

सुहास : अठरा मीटर. नायलॉन. चाचणी केलेली.

सोयराबाई : अण्णा, मला हे ठाऊक नव्हतं. आधी सांगितलं असतं तर मी एवढी थट्टा केली नसती. स्वल्प कमी केली असती.

सुहास : असू द्या.

सोयराबाई : मग आता माझं पण ऐका. आम्ही इथलेच, बेंगळुरातल्या शिवाजीनगरचे. मी सतरा वर्षांची होते. पैलवानांनी मोठी कुस्ती मारली. तेव्हा लॉरीवरून मिरवणूक आली आमच्या गल्लीत. दोरी नाही, टॉवेल नाही, काही नाही. गुलालाने लाल झालेले, गळ्यात एवढा हार. मी वरच्या खिडकीत उभी. त्यांनी वर बघितलं आणि हारातलं एक फूल फेकलं. नेम चुकला, फूल शेजारच्या महानंदाच्या तोंडावर बसलं. ती अजून म्हणते, ते फूल माझंच होतं. तर अशी पन्नास वर्षं झाली. त्यांच्या सात मिरवणुका मी खिडकीतून बघितल्या. श्रावणात ते न्हाणीघरात पडले, खुबा मोडला. तेव्हापासून पहिल्या मजल्यावरून खाली आले नाहीत. मागच्या महिन्यात मला म्हणाले, 'सोयरा, आता मी खिडकीत आणि तू रस्त्यावर. एकदा उलटं बघू दे.' म्हणून मी अर्ज दिला. जिंकण्याचं मला काय? डब्यात पडेल पदक. मला एकदा त्या खिडकीखालून जायचं होतं.

हेमलता : अहो, काढा ना काहीतरी वाट.

सुहास : वाट असती तर काढली नसती का? रिकामी गाडी हीच...

सोयराबाई : रिकामी गाडी बघून ते विचारतील, बायको कुठं पडली वाटेत?

हेमलता : एक मिनिट. मागच्या रविवारी रंगीत तालीम झाली, तेव्हा गाडीवर कोण बसलं होतं?

सुहास : तू. सोयराबाई सरावाला गेल्या होत्या म्हणून त्यांच्या जागी बदली म्हणून.

हेमलता : मी विजेती होते का तेव्हा?

सुहास : नाही.

हेमलता : परवानगी होती माझ्या नावावर?

सुहास : नाही. पण रंगीत तालमीला परवानगी लागत... नाही.

हेमलता : का लागत नाही?

सुहास : मी लिहायचं विसरलो.

सोयराबाई : अण्णा! तुम्ही काही विसरलात? देवाप्पा, ऐकलंस का रे, अण्णा विसरले!

हेमलता : मग आज पुन्हा रंगीत तालीमच आहे असं समजा. मी पुन्हा सोयराबाईंची बदली. तालीम किती वेळा करायची याला मर्यादा आहे?

सुहास : किमान एकदा. कमाल लिहिलेलं नाही. अगं, पण म्हणजे खरी विजेती खोटी विजेती म्हणून बसणार, आणि तीही जी बाद झाली तिच्या जागी?

हेमलता : नियमात बसतं की नाही?

सुहास : बसतं. अगदी चपखल बसतं. मला कसंतरीच होतंय.

सोयराबाई : मला चालेल. मी पुढं चालते. पैलवानांना सांगेन, पाय दुखले म्हणून अक्काला बसवलं. चला, लवकर. उन्हात फेटा बांधून बसलेत सकाळपासून.

सुहास : अकरा मोजा. घोषणा माझ्या खुणेवर. आणि सोयराबाई, वेग ताशी दीड किलोमीटर.

सोयराबाई : दीड? तेवढं हळू चालायला मला वेगळा सराव लागेल!

(टॉवेलाखालून तमट्याचा दबका आवाज. हातगाडी हलते. हेमलता गाडीवर पाय सोडून बसलेली, दोरीचं टोक सुहासच्या मुठीत.)

सुहास : सावकाश. डावीकडून. सोयराबाई, तुम्ही दोरीच्या बाहेर जाताय.

सोयराबाई : दोरी मागं राहतेय, मी काय करू?

हेमलता : अहो, मला इथून सगळं दिसतंय. मागच्या रविवारी असं वाटलं नव्हतं.

सुहास : कसं?

हेमलता : लोक बाल्कनीत आलेत. हात हलवतायत. मला.

सुहास : बदलीने हात हलवून प्रतिसाद द्यायचा नाही. रंगीत तालीम आहे.

हेमलता : मी हलवणार.

सुहास : हेमलता...

हेमलता : काय?

सुहास : काही नाही. छान चाललीस म्हणे सकाळी. म्हणजे मला मैदानावरून कळलं. अभिनंदन.

हेमलता : थँक्यू. लिहून ठेवू का वेळ?

सोयराबाई : शू! आली खिडकी. देवाप्पा, जरा जोरात वाजव. अहो! अहो पैलवान! इकडं, खाली!

खंडोजी : दिसतेस, दिसतेस. फेटा बरा आहे का? महानंदाने बांधला.

सोयराबाई : एकदम झकास!

खंडोजी : तू खाली का? गाडीवर सेक्रेटरीची बायको कशी?

सोयराबाई : ते... पाय... पाय माझे...

खंडोजी : काय झालं पायाला?

सोयराबाई : पाय सुटले, पैलवान. दोन्ही.

खंडोजी : काय?

सोयराबाई : मी खोटं सांगणार होते. नाही जमत. रेघेच्या आधी मी उडी मारली. बारा मीटर राहिले होते. बाद केलं मला. पदक अक्काचं आहे. तुम्हाला फोन केला तेव्हा मला ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ. मग ठाऊक झालं, आणि मी परत फोन केला नाही. तुम्ही फेटा बांधला होतात.

सुहास : खंडोजीराव, ही अधिकृत मिरवणूक नाही, फक्त रंगीत तालीम आहे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या...

खंडोजी : तुम्ही थांबा हो स्वल्प. सोयरा, उडी कशाला मारलीस?

सोयराबाई : तुम्ही दिसलात. या खिडकीत.

खंडोजी : तिथून दिसलो?

सोयराबाई : दिसलात.

खंडोजी : अडुसष्टाव्या वर्षी उडालीस?

सोयराबाई : उडाले.

खंडोजी : किती?

सोयराबाई : आता काय मोजली का मी? असेल वीतभर.

खंडोजी : मी सात कुस्त्या मारल्या. एकदाही माझे पाय जमिनीवरून सुटले नाहीत. मैदानावरची उडी बघायची राहिली माझी. इथं दाखव.

सोयराबाई : इथं? रस्त्यात?

खंडोजी : मी खाली येऊ शकत नाही म्हणून म्हणतोय. बघू दे ना.

सोयराबाई : अण्णा, सांगा आता. उडीचा नियम कितवा? मंजूर नसेल तर मी नाही मारत. सकाळी एकदा मारून बघितली, नियम मोडून काय होतं ते कळलं मला.

सुहास : नियम सव्वीस. 'उत्सवमूर्तीने उड्या मारू नयेत.' पण उत्सवमूर्ती म्हणून गाडीवर ही बसलीय. तुमच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

सोयराबाई : म्हणजे मारू?

सुहास : थांबा. अशी नको. दोरी पायात येईल तुमच्या. मी सोडतो ती.

हेमलता : सोडा. मी इथेच आहे.